नारळ-कोळंबी : परतूरच्या स्वयंपाकघरासाठी

हे पुस्तक एका पदार्थाभोवती फिरतं: नारळाचा कीस लावून तळलेली कोळंबी. हवाई, फ्लोरिडा आणि कॅरिबियन बेटांवरच्या हॉटेलांत तिला ‘ट्रॉपिकल’ म्हणून मान आहे. सोललेली कोळंबी पिठात घोळवायची, अंड्यात बुडवायची, नारळाच्या किसात लोळवायची आणि सोनेरी होईपर्यंत तळायची. बरोबर अननसाची, आंब्याची किंवा संत्र्याच्या मुरंब्याची आंबट-गोड-तिखट चटणी. कृती एवढीच. ती परतूरच्या घरात, इथल्या बाजारात मिळणाऱ्या जिन्नसांत उत्तम व्हावी, म्हणून जे जे माहीत हवं ते या पुस्तकात एकत्र केलं आहे.

मराठवाड्यातलं परतूर साधारण १९.६ उत्तर अक्षांशावर आहे. हवाई बेटांची राजधानी होनोलुलू २१.३ अक्षांशावर. म्हणजे विषुववृत्ताला होनोलुलूपेक्षा परतूर जवळ. मियामी तर २५.८ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्याही उत्तरेला. ते उष्णकटिबंधात येतच नाही. आपण मात्र पूर्ण उष्णकटिबंधात आहोत. आंबा, मोसंबी, चिंच, मिरची, गूळ, तीळ, शेंगदाणा हे सगळं आपल्या आसपास पिकतं. आपल्याकडे नाही तो समुद्र. रेल्वेने मुंबई साडेचारशे किलोमीटरहून लांब आहे आणि ताजी कोळंबी हा अंतर सहन न होणारा जीव आहे. तेव्हा परतूरच्या स्वयंपाक्यापुढची अडचण चवीची किंवा परंपरेची नाही, वाहतुकीची आणि माहितीची आहे. ही अडचण सुटण्यासारखी आहे, असं माझं ठाम मत आहे आणि पुढची सगळी प्रकरणं त्याच मतावर उभी आहेत.

मराठवाड्याला मासळी परकी आहे, हा समज आधी बाजूला ठेवावा लागेल. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरग्याच्या सीमेपलीकडचं गाव. समुद्रापासून जवळजवळ आपल्याइतकंच लांब. त्या ग्रंथात मासे धरण्याच्या खेळाचं वर्णन आहे आणि राजाच्या जेवणात मासे कसे कापावेत, कसे शिजवावेत याचंही. दख्खनच्या पठारावरचा राजा नदीच्या मासळीवर इतक्या आस्थेने लिहितो, तेव्हा ती त्याच्या ताटात नेहमीची असणार.

नारळाची साक्ष याहून जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. त्यातल्या एका लेखात कापूर आहारातल्या, म्हणजे कापूर विभागातल्या, चिखलपद्र गावी नारळीची ८,००० झाडं दान दिल्याची नोंद आहे. किनाऱ्याकडची नारळी आणि घाटावरचं लेणं यांचा संबंध तेव्हाच जुळलेला होता. पुढे नारळ घाट चढून देवळात आला, ओटीत आला आणि सुकं खोबरं होऊन मराठवाड्याच्या मसाल्याच्या डब्यात कायमचा राहिला.

मासे धरणारेही आपल्याकडे आहेतच. गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांवर भोई समाज पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकत आला आहे. धरणं झाल्यावर त्यांचं पाणी वाढलं. पैठणचं जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं आणि नाथसागर हा मोठा जलाशय मासेमारीचं ठिकाण बनला. सेलूजवळच्या निम्न दुधना प्रकल्पाने आपल्या दारातच पाणी आणलं. या गोड्या पाण्यात बारीक झिंगे मिळतात. आठवडी बाजारात सुकट आणि सुके बोंबील विकणारी बाई मराठवाड्यात कुठेही भेटते. सुकटीची चटणी आणि ज्वारीची भाकरी, वांग्यात घातलेली सुकट, काळ्या मसाल्यातला झिंग्यांचा रस्सा ही आपली कोळंबीची परंपरा आहे. ती किनाऱ्याच्या परंपरेपेक्षा हलकी नाही. तिची जडणघडण वेगळी आहे: ताज्या नारळाऐवजी भाजलेलं सुकं खोबरं, आमसुलाऐवजी चिंच, भाताऐवजी भाकरी.

या परंपरेतली स्वयंपाकीण नारळ-कोळंबी करायला बसते, तेव्हा अर्धं कसब तिच्या हातात आधीच असतं. खोबरं किती भाजलं की खरपूस आणि किती भाजलं की कडू, हे तिला वासावरून कळतं. हेच कसब या पदार्थाचा निम्मा जीव आहे. उरलेला निम्मा जीव कोळंबीत आहे आणि त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं.

परतूरला मिळणारी कोळंबी आज बहुधा समुद्रातून थेट आलेली नसते, ती शेततळ्यात वाढवलेली असते. या शेतीची सुरुवात मुख्यतः टायगर कोळंबीने झाली. नव्वदच्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तिचं मोठं नुकसान केलं. २००९ मध्ये ‘व्हॅनामी’ या प्रशांत महासागराकडच्या पांढऱ्या कोळंबीला भारतात परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच तिने बहुतेक तळी व्यापली. तिचं सर्वांत मोठं उत्पादन आंध्र प्रदेशात होतं. भीमावरमचा परिसर त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तो गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात येतो. दुधनेचं पाणी पूर्णेला मिळतं, पूर्णा गोदावरीला मिळते आणि गोदावरी धवळेश्वरमच्या पुढे फाटे फुटून समुद्राला जाते. आपल्या शिवारात पडलेला पाऊस ज्या खोऱ्यातून वाहतो, त्याच खोऱ्याच्या शेवटच्या टोकाला ही कोळंबी वाढते. वरून मनमाड-काचीगुडा लोहमार्ग आपल्याला थेट त्या दिशेच्या बाजारपेठेशी जोडतो. आपण या व्यापाराच्या वाटेवरच राहतो.

गोड्या पाण्यातली मोठी, निळसर नांग्यांची कोळंबीही कधीकधी जलाशयांतून येते. तिची एक अडचण समजून घ्यावी. ती गोड्या पाण्यात वाढते, पण तिच्या पिल्लांना पहिले काही आठवडे खारट-मचूळ पाणी लागतं. त्यामुळे धरणात ती आपोआप वाढत नाही, प्रत्येक वेळी बीज आणून सोडावं लागतं. म्हणून तिचा पुरवठा अनियमित असतो आणि भाव चढा असतो. मिळाली तर तिचा रस्सा करावा. मोठी, जाड सालीची कोळंबी रश्श्यात खुलते. नारळात तळायला मध्यम व्हॅनामी सोयीची.

कोळंबी इतक्या लवकर का खराब होते? तिचं डोकं हे तिच्या पचनसंस्थेचं घर आहे. ती मेल्यावर तिथली पाचक द्रव्यं तिचंच मांस विरघळवू लागतात. म्हणून डोकं काढलेली कोळंबी डोक्यासकट ठेवलेल्या कोळंबीपेक्षा जास्त टिकते. डोकं आणि साल काळी पडणं ही दुसरी प्रक्रिया. कापलेलं वांगं काळं पडतं तशीच ती होते. नुसत्या काळेपणाने कोळंबी विषारी होत नाही, पण ती काढून बराच काळ झाला किंवा बर्फ पुरेसा नव्हता, असा संशय त्यावरून घ्यावा. खरी परीक्षा वासाची आणि बोटाची. ताज्या कोळंबीला समुद्राचा, किंचित गोडसर वास असतो. अमोनियासारखा नाकात झोंबणारा वास आला, तर घासाघीस न करता पुढे जावं. मांस दाबल्यावर टणक लागलं पाहिजे, साल मांसाला घट्ट चिकटलेली हवी आणि डोकं लोंबत नसावं.

ताजी कोळंबी विश्वासाने मिळत नसेल, तर गोठवलेली घ्यावी. ‘ताजं ते चांगलं, गोठवलेलं ते वाईट’ हा नियम आपल्या गावाला लागू पडत नाही. काढल्यानंतर काही तासांत उणे १८ अंशाला गोठवलेली कोळंबी, उन्हातून प्रवास करून आलेल्या तथाकथित ताज्या कोळंबीपेक्षा कितीतरी चांगली असते. पाकिटावर २६/३० किंवा ३१/४० असे आकडे असतात. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती नग बसतात ते हे आकडे सांगतात. आकडा लहान, तितकी कोळंबी मोठी. या पदार्थाला ३१/४० नेमकी: आतून शिजेपर्यंत बाहेरचा कीस करपत नाही. गोठवलेल्या कोळंबीवर बर्फाचा पातळ थर असतो, म्हणून बर्फ वगळून किती वजन भरतं, ते पाकिटावर वाचावं आणि त्याचेच पैसे द्यावेत.

बर्फ उतरवण्याची पद्धत साधी आहे: आदल्या रात्री पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. घाई असेल तर कोळंबी घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवावी. गरम पाण्यात किंवा ओट्यावर उघडी ठेवू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जाते, हे विसरू नये. बर्फ उतरून मऊ पडलेली कोळंबी परत गोठवू नका, त्याच दिवशी शिजवा. घरात वीज टिकत नसेल, तर अर्ध्या किलोपेक्षा जास्त आणू नका.

आता साफसफाई. साल काढा, शेपटीचं शेवटचं टोक ठेवा, धरायला बरं पडतं. पाठीवर उभा चर पाडून आतला काळा दोरा काढा. तो तिचं आतडं आहे. तोच चर थोडा खोल केला, तर कोळंबी उघडते, चपटी होते आणि तिच्यावर कीस चांगला बसतो. साली आणि डोकी टाकून देऊ नयेत. कांदा, आलं, दोन मिरं घालून पंधरा मिनिटं उकळलेलं त्यांचं पाणी गाळून ठेवलं, तर दुसऱ्या दिवशीच्या रश्श्याला तयार चव मिळते.

सगळ्यात महत्त्वाची पायरी म्हणजे कोळंबी कोरडी करणं. धुतल्यावर ती स्वच्छ सुती कापडावर पसरून टिपून घ्या. ओल्या कोळंबीवर पीठ चिकटत नाही, पिठाशिवाय अंडं टिकत नाही, अंड्याशिवाय कीस सुटतो आणि मग कढईत किसाचा काळा गाळ साठून पुढचा घाणा कडू होतो. पहिल्यांदा करणाऱ्यांची तक्रार जवळजवळ नेहमी इथेच असते.

नारळ कोणता घ्यावा हा परतूरमध्ये खरा निर्णय असतो, कारण आपल्याला तीन रूपं मिळतात. पहिलं, शेंडीचा ओला नारळ. तो दक्षिणेतून येतो आणि देवळाच्या निमित्ताने नेहमी उपलब्ध असतो. दुसरं, खोबऱ्याची वाटी. कर्नाटकातलं तिपटूर हे तिच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक. तिसरं, मिठाईवाल्यांकडचा पाकिटातला कोरडा चुरा. ओल्या नारळात जवळपास निम्मं पाणी आणि एक तृतीयांश चरबी असते, तर सुक्या खोबऱ्यात तेलाचं प्रमाण साठ टक्क्यांच्या पुढे जातं. हा फरक कढईत दिसतो. ओल्या नारळाचा कीस पाणी सोडतो, तेल उडवतो आणि उशिरा लाल होतो. सुकं खोबरं पटकन रंग घेतं आणि पटकन जळतं. त्या दोन्हींच्या मधली अवस्था आपल्याला हवी आहे.

ओला नारळ खवला असेल, तर तो हाताने दाबून थोडं दूध काढून घ्या. ते वाया जात नाही, रश्श्याला कामी येतं. मग कीस मंद आचेवर, रंग न बदलता, फक्त ओल जाईपर्यंत परता. खोबऱ्याची वाटी किसली असेल, तर किसावर पाण्याचा हलका हबका मारून दहा मिनिटं झाकून ठेवा. खवट वासाचं खोबरं मुळीच वापरू नका. काळ्या मसाल्यात खवटपणा थोडा लपतो, इथे खोबरं उघडं असतं. पाकिटातला चुरा साखरविरहित असल्याची खात्री करा, कारण साखर किसाआधी जळते.

अर्धा किलो कोळंबीचं प्रमाण असं: एक वाटी तयार नारळ-कीस आणि अर्धी वाटी बारीक रवा एकत्र. वेगळ्या ताटलीत अर्धी वाटी तांदळाचं पीठ, त्यात मीठ, पाव चमचा हळद, अर्धा चमचा लाल तिखट. तिसऱ्या वाडग्यात दोन अंडी फेटून. अमेरिकेत रव्याच्या जागी पावाचा चुरा घालतात. कोकणातल्या घरांत मासळीला रवा लावून तळण्याची जुनी चाल आहे आणि रव्याचा कुरकुरीतपणा आपल्या जिभेला ओळखीचा आहे, म्हणून मी रवा निवडला. अंडं नको असेल, तर तांदळाचं पीठ आणि बेसन यांचं दाटसर भिजवलेलं पीठ चालतं, आवरण मात्र थोडं जाड होतं. लावून झालेल्या कोळंब्या वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवल्या, की कीस घट्ट बसतो.

तेलाबद्दल आपल्या भागाची एक वेगळी गोष्ट आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तोवर परतूर परभणी जिल्ह्यात होतं आणि हा सारा टापू करडईचा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे करडईचे वाण दिले. घाण्याचं करडईचं तेल भाजीला आणि ठेच्याला फार चांगलं, पण भरपूर तेलात तळायला ते लवकर धुरतं. तळणीला रिफाइंड करडई किंवा शेंगदाण्याचं तेल घ्या. आच मध्यम ठेवा, तेल १७० ते १७५ अंशांच्या आसपास. तापमापक नसेल, तर किसाची चिमूट टाकून पाहा. ती लगेच वर येऊन अर्ध्या मिनिटात सोनेरी झाली, तर तेल तयार. टाकताच तपकिरी झाली, तर आच कमी करून थांबा.

एका वेळी सहा-सात कोळंब्यांपेक्षा जास्त टाकू नका. दोन ते तीन मिनिटं पुरतात. कोळंबीच्या सालीत आणि मांसात एक लाल रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असतं. उष्णतेने ते प्रथिन उलगडतं, रंग सुटतो आणि राखाडी कोळंबी गुलाबी होते. शेपटी गुलाबी आणि मांस दुधासारखं अपारदर्शक झालं, की काढा. आणखी एक मिनिट ठेवलं, तर पाणी निघून जातं आणि मांस रबरासारखं चिवट होतं. मटण शिजवण्याची सवय असलेल्या घरांत ‘थोडं आणखी शिजू दे’ हा सल्ला सहज दिला जातो. कोळंबीच्या बाबतीत तो मोडायलाच हवा.

चटणीत हा पदार्थ खऱ्या अर्थाने आपला होतो. बाहेर याला संत्र्याच्या मुरंब्याची जोड देतात. आपल्याकडे जालन्याची मोसंबी आहे, भौगोलिक मानांकन मिळालेली. आंबिया बहराची मोसंबी पावसाळा सरताना येते. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ वाहतात आणि त्यानंतर हंगामाला जोर येतो. म्हणजे मोसंबी आणि मासळी यांचे दिवस जुळतात. मोसंबीचा रस मात्र उकळू नये, उकळल्यावर तो कडवट होतो. म्हणून पाव वाटी गूळ, चार चमचे पाणी, ठेचलेलं आलं आणि दोन हिरव्या मिरच्या यांचा पाक आधी आटवायचा, विस्तवावरून उतरवायचा आणि कोमट झाल्यावर त्यात पाऊण वाटी रस, किंचित मीठ आणि थोडी किसलेली साल घालायची. सालीचा फक्त पिवळा-हिरवा भाग घ्या, पांढरा नको. उन्हाळ्यात हीच चटणी मराठवाड्याच्या केशर आंब्याची करता येते. थंडीत चिंच-गुळाची करा आणि वर भाजलेल्या तिळाची पूड घाला.

हा पदार्थ एकटा नाही, त्याची मोठी भावकी आहे. किनाऱ्यावर कोळंबी आणि नारळ यांची जोडी असंख्य रूपांत भेटते: मालवणी सुंगटांचं (कोळंबीचं) कालवण, गोव्याचं हुमण, सीकेपी घरांतली सोड्यांची (सुकवलेल्या कोळंबीची) खिचडी, पाठारे प्रभूंचं कोळंबीचं भानोलं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० मध्ये आलं आणि मुंबईच्या घरांतला असा स्वयंपाक छापील स्वरूपात मराठी वाचकापर्यंत पोचला. या पुस्तकाचा दुसरा भाग या भावकीसाठी आहे. तिथे नारळाच्या दुधाचा नियम सतत लागतो: पातळ दुधात शिजवावं, घट्ट दूध शेवटी घालावं, खळखळून उकळू देऊ नये, आणि आमसूल किंवा चिंच उतरवताना घालावी. आंबटपणा आणि कडक उकळी एकत्र आल्या, की दूध फुटतं. तिसऱ्या भागात आपल्याकडच्या कृती आहेत: सुकट-वांगं, येसर घालून केलेला झिंग्यांचा रस्सा, सुकटीची कोरडी चटणी. तळलेली नारळ-कोळंबी, किनाऱ्याचं कालवण आणि आपला काळा रस्सा एकाच पुस्तकात ठेवण्यामागे हेतू आहे. तिन्हीत कोळंबीचा आणि नारळाचा स्वभाव तोच राहतो, बदलते ती हाताळणी.

एक सूचना गंभीरपणे वाचावी. कोळंबीची ॲलर्जी काही जणांना असते आणि ती तीव्र होऊ शकते. ज्यांनी आयुष्यात कधी कोळंबी खाल्ली नाही, त्यांनी पहिल्यांदा एकच खावी आणि थोडा वेळ थांबावं. ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, घशाला आवळल्यासारखं होणं असं काही जाणवलं, तर ताबडतोब दवाखान्यात जावं. मोठ्या घरात लग्नाच्या पंगतीला हा पदार्थ असेल, तर त्यात कोळंबी आणि अंडं आहे हे स्पष्ट सांगावं. त्याच तेलात नंतर शाकाहारी भजी तळू नयेत. आपल्या घरांत मांसाहाराची भांडी वेगळी असतात, वार पाळले जातात, श्रावण पाळला जातो. त्या सगळ्याचा मान ठेवूनच हा स्वयंपाक करायचा आहे, म्हणून परसात किंवा ओसरीवर वेगळ्या शेगडीवर करता येईल अशी मांडणीही प्रत्येक कृतीत दिली आहे.

या पुस्तकातल्या मराठवाडी कृती परतूर, सेलू आणि मंठा या भागातल्या घराघरांतल्या बायकांनी सांगितल्या. मासळी ओळखायला शिकवलं ते नदीवर जाळं टाकणाऱ्या भोई मंडळींनी आणि आठवडी बाजारात सुकट विकणाऱ्या मावश्यांनी. त्यांचं ज्ञान कुठल्याही शिकलेल्या स्वयंपाक्यापेक्षा कमी नाही आणि या पानांवर ते त्यांच्याच शब्दांत राहावं, याची मी काळजी घेतली आहे. त्या सर्वांची मी ऋणी आहे.

वाचकांना शेवटी एक विनंती. कोळंबी घेताना विक्रेत्याला दोन प्रश्न नक्की विचारा: ही कुठून आली आणि बर्फावर किती वेळ आहे? उत्तर पटलं नाही, तर त्या दिवशी घेऊ नका आणि का घेतली नाही ते त्याला सांगा. लहान गावात चांगला माल येत नाही, कारण चांगल्या मालाची मागणी कुणी मोठ्याने करत नाही. परतूरच्या दहा घरांनी दर आठवड्याला हे दोन प्रश्न विचारले, तर विक्रेता जास्त बर्फ आणेल, वजनात पारदर्शकता ठेवेल आणि कोळंबीबरोबर इतर मासळीही चांगली येऊ लागेल. पुस्तकातल्या कृती तुम्ही करालच. हे दोन प्रश्न मात्र आजपासूनच विचारा.